तुपाची बरणी आणि जगाचा नकाशा

गणपती विसर्जन झालं त्या रात्री, ताशाचा आवाज कानातून पुरता गेलेला नसताना, आमच्या धाकट्या भावाने व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. नाव 'डिसेंबर परदेश'. सदस्य सात: आई, मी, बायको, आमची कॉलेजातली मुलगी, भाऊ, त्याची बायको आणि त्यांचा अकरावीतला चिरंजीव. आमच्या घराण्याचा परदेशाशी आजवरचा संबंध म्हणजे वडिलांनी काशीयात्रेला जोडून केलेलं नेपाळ आणि तिथून आणलेली घडीची छत्री. ती छत्री अजून माळ्यावर आहे. उघडत नाही, पण इंपोर्टेड आहे, म्हणून टाकवत नाही.

भावाने लगेच मतदान लावलं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, न्यूझीलंड, दुबई असे चार उमेदवार. रात्री अकरापर्यंत सात जणांची सोळा मतं पडली, कारण या मतदानात कितीही ठिकाणी बोट लावलं तरी बोटाला शाई लागत नाही. आईने तर चौघांनाही मत दिलं आणि खाली बोलका निरोप टाकला, "मी कुठंही येईन. माझं काही म्हणणं नाही. फक्त माझी तुपाची बरणी माझ्याबरोबर असेल."

त्यातल्या 'फक्त'कडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही.

मुळात हिवाळ्यात परदेशी जायची कल्पना आपली नव्हेच. ती ज्यांची आहे, त्यांच्याकडे डिसेंबरात चहाच्या वेळेला अंधार पडतो आणि आठवडेच्या आठवडे आभाळ भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं असतं. ती माणसं उन्हाच्या शोधात बाहेर पडतात आणि कॅनरी बेटांवर, थायलंडात, आपल्या गोव्यात येऊन वाळूवर पालथी पडतात. मोरजीच्या किनाऱ्याकडे हॉटेलांवर रशियन पाट्या दिसतात त्या याच हिशेबाने. आपलं उलटं. घाम आणि चिखल यांत उरलेलं वर्ष काढल्यावर जे सहा-सात आठवडे माणसाला माणसासारखं वाटतं, ते नेमके हे. हुरडा याच दिवसांत, मटार स्वस्त होतो तो याच दिवसांत, पुण्यात सवाई गंधर्व रंगतो तोही याच दिवसांत. पंखा बंद, गोधडी अंगावर, सकाळी गुळाचा चहा. असा महिना आयता दारात आलेला असताना आपण त्याला कुलूप लावून निघतो, कारण शाळेला नाताळची सुट्टी असते. त्यांची माणसं आपल्या उन्हात, आपली माणसं त्यांच्या थंडीत. अरबी समुद्रावर दोन्हीकडची विमानं एकमेकांना ओलांडत असतील तेव्हा खिडकीतल्या खिडकीत दोन्ही बाजूंना सारखाच विचार येत असेल: हे येडे कुठं चाललेत?

आम्ही नाशिकचे, त्यामुळे आमचा हा मूर्खपणा आणखी दोन अंगुळं वरचा. निफाडला माझा मेहुणा द्राक्षबागायतदार आहे. तिकडे पारा उतरला की माणसं रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात, कारण थंडीने मण्यांची फुगवण थांबते आणि तडे जायला लागतात. एखाद्या वर्षी पानांवरचं दव गोठतं आणि वर्तमानपत्रांत निफाडचं काश्मीर होतं. त्याला आमचा बेत सांगितला. तो म्हणाला, "दाजी, थंडीच बघायची ना? मग इकडं या की. रात्री दोनला शेकोटीवर सरपण टाकायला माणूस मिळत नाय. जेवणखाण माझ्याकडं."

मी हे ग्रुपवर टाकलं नाही. मत फुटायची भीती होती.

पहिला नंबर स्वित्झर्लंडचा. भावाला बर्फ पाहिजे होता, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला बर्फ म्हटलं की स्वित्झर्लंडच आठवतं; हिमाचल आठवायला आधी स्वित्झर्लंड रद्द व्हावं लागतं. तीन हजार मीटरवर टिटलिसला स्वतःभोवती फिरणारा पाळणा जातो, आणि तिथं १९९५ सालच्या त्या सुप्रसिद्ध सिनेमातल्या शाहरुख-काजोलचा कटआउट उभा केलाय. लोक त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढतात. आईने फोटो मोठा करून बघितला. "एवढं लांब कटआउट बघायला जायचं?" ती म्हणाली, "सीबीएसच्या चौकात रोज नवा लागतो की."

तरी स्वित्झर्लंड टिकून होतं. मग भावाने शेंगेन व्हिसाची यादी टाकली. माणशी ९० युरो फी, व्हिसा नाकारला तरी परत नाही. निदान ३०,००० युरोंचा प्रवास-विमा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकी, चेहरा गंभीर. बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रं, साहेबाचं रजेचं पत्र, आणि या सगळ्या चळतीतून सिद्ध काय करायचं, तर आपण तिथं राहणार नाही, परत येणार. हे आईला समजावताना माझी पंचाईत झाली.

"म्हणजे त्यांना वाटतं की आपण तिथंच राहू?"

"हो."

"नाशिक सोडून?"

"हो, आई."

"पाणी चोवीस तास असतं का तिथं?"

"असतं."

आई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरीपण."

हे 'तरीपण' कुठल्या रकान्यात भरायचं याची त्या फॉर्ममध्ये सोय नाही. खरं तर व्हिसा अधिकाऱ्याला आईला दोन मिनिटं भेटवलं असतं तर बँकेच्या उताऱ्यांची गरजच पडली नसती.

पण स्वित्झर्लंड गेलं ते फीमुळे नाही की फोटोमुळे नाही. माझ्या मुलीला वाचायची वाईट खोड आहे. तिने शोधून काढलं की युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ तिथं नेता येत नाहीत. पेढे नाही, चक्का नाही, तूप नाही. ज्या देशाच्या प्रत्येक चित्रात गळ्यात घंटा बांधलेली गाय उभी असते, त्या देशात तूप चालत नाही हे आईला अजून पटलेलं नाही. "मग त्या गायी कशाला ठेवल्यात?" एवढंच तिने विचारलं आणि स्वित्झर्लंड संपलं.

तूप नसलं तर काय होतं, असा प्रश्न वाचकांपैकी ज्यांना पडला असेल त्यांनी इथंच वाचन थांबवावं. आमचं पुढं जमायचं नाही.

नॉर्वे मुलीचं. ट्रॉम्सो नावाच्या गावी जाऊन उत्तरेकडचा तो हिरवा प्रकाश बघायचा. सूर्याकडून निघालेले कण शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनवर आदळतात आणि आभाळात पडदे हलल्यासारखं दिसतं, असं तिने इतकं छान सांगितलं की भावाची बायकोही क्षणभर दुबई विसरली. मग चिरंजीवांनी माहिती पुरवली की ते गाव जवळजवळ सत्तराव्या अंशावर आहे, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही.

"उगवत नाही म्हणजे ढग असतात?" आईने विचारलं.

"नाही आजी, उगवतच नाही. क्षितिजाच्या वर येत नाही."

"मग सांजवात कधी लावायची?"

या प्रश्नाला खगोलशास्त्राकडे उत्तर नव्हतं. चिरंजीव मदतीला धावला आणि त्याने घोटाळा वाढवला. डिसेंबरच्या पौर्णिमेला तिथं चंद्र मावळायचं नावच घेत नाही, असं त्याला सापडलं. ज्या घरात संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात बघून त्यावर कुकर लावला जातो, तिथं सूर्य उगवत नाही आणि चंद्र मावळत नाही अशा गावाची शिफारस करणं म्हणजे घरात बंड घडवणंच होतं. तरी शेवटचा घाव आईने घातला नाही, भावाने घातला. तिथं जाऊनही आभाळ भरलेलं असेल तर काहीच दिसत नाही, हे त्याला कळलं. "म्हणजे लाखो रुपये देऊन ढग बघायचे?" तो म्हणाला, "मग इगतपुरी काय वाईट आहे?"

इथपर्यंत येईतो दसरा झाला होता आणि एक बाब कुणाच्याच ध्यानात नव्हती. माझ्या बायकोचा पासपोर्ट मार्चमध्ये संपत होता. बऱ्याच देशांना आपण जाऊ तेव्हापासून पुढं सहा महिने पासपोर्ट जिवंत लागतो. झालं, नूतनीकरणाचा अर्ज. घरी पडताळणीला पोलीस आले. सज्जन मनुष्य, चहा घेतला, कागद बघितले आणि सहज विचारलं, "कुठं चाललात?" बायको म्हणाली, "ठरलं नाही." त्यांनी पेन थांबवलं. "म्हणजे जायचं आहे, पण कुठं ते माहीत नाही?" "हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तेच होतं जे तेवीस वर्षं आहे. त्यांनी सही करायला जागा दाखवली.

न्यूझीलंडची गोष्ट वेगळी. तिथं डिसेंबरात उन्हाळा, म्हणजे सांजवातीचा प्रश्न मिटला. उलट सूर्य रात्री नऊपर्यंत रेंगाळतो. ते बायकोचं आवडतं. पण तो देश आपल्या झाडाझुडपांना इतका जपतो की विमानातून उतरणाऱ्याने खाण्याचा प्रत्येक जिन्नस आधी लिहून द्यायचा, आणि लपवला तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. बायको म्हणाली, त्यात काय, लिहून देऊ. मग तिने काय काय न्यायचं याची यादी केली. गोडा मसाला, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, नाशिकचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, जवसाची चटणी, कोकमं, भाजणी. आईने तिसऱ्या ओळीत आपली बरणी घुसवली. भाऊ यादी वाचत गेला आणि त्याचा आवाज लहान होत गेला. कारण तिकडच्या प्रश्नपत्रिकेत बिया, डाळी, कडधान्यं, मसाले, दुधाचे पदार्थ असं विचारलेलं असतं, आणि आमची यादी म्हणजे त्या प्रश्नपत्रिकेचं गाईड निघालं.

"हे मेतकूट त्या अधिकाऱ्याला इंग्रजीत समजावणार कोण?" त्याने विचारलं.

आम्ही रंगीत तालीम केली. चिरंजीव अधिकारी, मी प्रवासी. "इट इज अ पावडर," मी सुरुवात केली. विमानतळावरच्या गणवेशातल्या माणसापुढे पिवळट पुडी धरून हे वाक्य म्हणणं कितपत शहाणपणाचं आहे, हे मला वाक्य संपता संपताच जाणवलं. "ऑफ व्हॉट?" अधिकाऱ्याने दरडावलं. "ऑफ... डाळी. अँड राइस. रोस्टेड. वुई ईट विथ सॉफ्ट राइस अँड..." "अँड व्हॉट?" "तूप," मागून आई म्हणाली.

दुबईबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दुबईत दोष काहीच नाही आणि तीच तिची अडचण आहे. हवा डिसेंबरात झकास. ८२८ मीटरची इमारत. मॉलच्या पोटात २००५ पासून बर्फाची टेकडी आहे, पारा शून्याखाली, वर पेंग्विन. म्हणजे भावाचा बर्फही झाला. खसखस न्यायला तेवढी मनाई आहे, म्हणजे दिवाळीतले उरलेले अनारसे घरीच राहणार. पण तेवढा त्याग करायला आई तयार होती. नाट लागली ती भलतीकडून. "समोरचे गेल्या वर्षी जाऊन आले," बायको म्हणाली. एवढंच. पुढं कुणी काही बोललं नाही.

परदेशाची निवड कशावर ठरते, तर परत आल्यावर सोसायटीच्या जिन्यात होणाऱ्या संवादावर, हे मला त्या शांततेत कळलं. ठिकाण असं पाहिजे की समोरच्याने नाव ऐकलेलं असावं, पण गेलेला नसावा. नाव ऐकलेलंच नसेल तर आपल्याला नकाशा काढून दाखवावा लागतो आणि त्यात सगळी मजा जाते. गेलेला असेल तर तो "अमुक बघितलं का?" असं विचारतो आणि ते आपण हमखास बघितलेलं नसतं. या दोन टोकांच्या मधल्या देशांची संख्या दरवर्षी घटते आहे. व्हिएतनाम परवापरवापर्यंत या पट्ट्यात होता; आता तिथंही ओळखीचे दोघे निघाले. बाली तर कधीच गेलं.

आणि मग चिरंजीवांनी असा पत्ता टाकला की सगळे चाट. कझाकस्तान. अल्माटी. भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, दिल्लीहून चारेक तासांत विमान पोचतं, शहराच्या डोक्यावरच बर्फाचे डोंगर, मेदेऊला उंचावरचं भलं मोठं बर्फाचं मैदान आणि तिथून पाळण्याने वर स्कीइंगला. स्वित्झर्लंडचा सगळा माल, तोही कागदपत्रांशिवाय. वर ते सफरचंदांचं माहेर. आज आपण खातो त्या सफरचंदाचे रानटी पूर्वज त्याच डोंगरांतले. आईला सफरचंद चालतं, किसून. समोरच्यांनी नाव ऐकलेलं, गेलेले नाहीत. मी तीस वर्षं बँकेत काढली, पण एवढं बिनचूक प्रकरण टेबलावर आलेलं मला आठवत नाही. भावाने ग्रुपचं नाव बदलून 'अल्माटी' केलं.

ते नाव दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी भावाच्या बायकोने तिथं काय खातात याचा व्हिडिओ टाकला. त्या लोकांचं मानाचं जेवण घोड्याच्या मटणाचं असतं. यात त्यांचा काही दोष नाही. गवताळ रानात घोड्यांच्या पाठीवर पिढ्या काढलेल्या माणसांचा तो जुना रिवाज आहे आणि पाहुण्याला ते आदरानेच वाढतात. पण आमचं कुलदैवत खंडोबा. देव्हाऱ्यातल्या टाकावर देव घोड्यावर बसलेला. चंपाषष्ठीला आम्ही त्याची तळी भरणार, वांग्याचं भरीत आणि रोडगे करणार आणि दोन आठवड्यांनी त्या देशात जाणार जिथं...

"देवाचं वाहन आहे रे," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. चिरंजीवांनी क्षीण आवाजात सांगितलं की तिथं शाकाहारी जेवणही मिळतं. "मिळत असेल," आई म्हणाली, "पण शेजारच्या टेबलावर काय असेल?" भावाने ग्रुपचं नाव मुकाट्याने 'डिसेंबर परदेश' केलं, आणि मग थोड्या वेळाने नुसतं 'डिसेंबर'.

जगाच्या पाठीवर जवळजवळ दोनशे देश आहेत. ठिकाण निवडतात असं म्हणायची पद्धत आहे, पण आमच्याकडे कुणी काही निवडलं नाही. मुलीने घरातला शाळेचा नकाशा पुस्तकातून काढून फ्रिजवर लावला होता आणि आम्ही पेन्सिलीने देश खोडत गेलो. एकाला थंडी जास्त, एकाला पाऊस, एकाच्या वाणसामानात मासळीची भुकटी, एकाचं भाडं ऐकून मीच खोडला. दिवाळीपर्यंत हिंदी महासागर तेवढा स्वच्छ उरला, आणि त्याच्या मधोमध एक ठिपका. पेन्सिलीचं टोक तिथं मावलं नाही म्हणून तो वाचला.

मॉरिशस. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. मुंबईहून थेट विमान. घड्याळात दीड तासाचा फरक, म्हणजे आईच्या गोळ्यांच्या वेळा फारशा हलत नाहीत. आणि गणेश चतुर्थीला तिथं देशभर सरकारी सुट्टी. हे ऐकल्यावर आईने चष्मा लावला. तिथं मराठी माणसं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. १८३४ पासून हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर नेले गेले. बरेचसे बिहारकडचे, दक्षिणेकडचे, आणि मुंबई बंदरातून चढलेले आपल्याकडचेही. पोर्ट लुईला ते जिथं उतरले तो आप्रवासी घाट अजून आहे, युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात घेतलाय. बोटीतून उतरून चढायच्या दगडी पायऱ्या. मुलीने त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. ते लोक कुठं जायचं याचं मतदान घेऊन निघाले नव्हते. ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही, आणि आमच्या ग्रुपवर असं कधी होत नाही.

मग भावाने लिहिलं, "पण बर्फ?"

आणि त्याच्या बायकोने, "परदेशात जाऊन मराठी माणसंच भेटणार असतील तर इथं काय कमी आहेत?" आणि चिरंजीवांनी, की डिसेंबरात तिथं भर उन्हाळा, दमट हवा, आणि नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो. म्हणजे हिवाळी सहलीला आम्ही उन्हाळ्यात चाललो होतो, घामातून सुटलेले पुन्हा घामात, आणि छत्री घेऊन. माळ्यावरची नेपाळी छत्री खाली काढली. अजूनही उघडत नाही.

तरी बुकिंग झालं. कसं झालं ते नीट सांगता येणार नाही. एका संध्याकाळी प्रवास कंपनीच्या माणसाचा फोन आला, की नाताळच्या आठवड्यातल्या जागा संपत आल्या आहेत, आणि भावाने घाबरून होकार दिला. दीडदोन महिने सात माणसांनी, सोळा मतांनी आणि एका नकाशाने जे झालं नाही, ते 'शेवटच्या सात सीटा' या शब्दांनी एका मिनिटात झालं. निफाडच्या मेहुण्याला कळवलं. "बरं केलं दाजी," तो म्हणाला, "बर्फ पडला तर फोटो पाठवतो."

तिकिटं २२ डिसेंबरची आहेत. सामानाच्या याद्या झाल्या. आईने परवा लोणी कढवलं, बरणी भरली, झाकणाला फडकं बांधलं आणि वर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. दुधाच्या पदार्थांबद्दल मॉरिशसचे नियम काय आहेत, हे बघायचं काम आम्ही मुलीला दिलंय आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती म्हणतेय की मला वाचायला वेळ नाही. तेव्हा वाचकांपैकी कुणी अलीकडे तिकडे जाऊन आलं असेल आणि बरोबर साजूक तूप नेलं असेल, तर काय झालं ते कृपया मला कळवावं. मासिकाच्या पत्त्यावर लिहा. घरी फोन करू नका, फोन आई उचलते.